सनदेपासून राज्यघटनेपर्यंत: मुंबईत राहून अमेरिकेचा आरंभीचा इतिहास कसा अभ्यासावा

4 जुलै 1776 चा जाहीरनामा, जॉर्ज वॉशिंग्टन आणि बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, एवढ्यावरच आपल्याकडे अमेरिकेच्या आरंभीच्या इतिहासाचा अभ्यास बहुधा संपतो. एम. ए. चे विद्यार्थी असोत, स्पर्धा परीक्षेसाठी जागतिक इतिहास वाचणारे उमेदवार असोत किंवा केवळ जिज्ञासेने वाचणारे वाचक असोत, त्यांच्या हाती हा विषय तारखांची जंत्री म्हणून येतो आणि म्हणूनच तो लक्षात राहत नाही. 1607 ते 1815 हा सुमारे दोनशे वर्षांचा काळ मुंबईतील मराठी वाचकाने कोणत्या क्रमाने, कोणते कागद समोर ठेवून आणि कोणते प्रश्न मनात धरून वाचावा, हे येथे मांडले आहे. माझे ठाम मत असे आहे की या अभ्यासाची सुरुवात क्रांतीपासून न करता सनदांपासून करावी. क्रांती कशावरून पेटली, हे सनदा वाचल्याखेरीज नीट उमगत नाही.

सुरुवात मुंबईच्या सनदेने करावी

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाच्या 1661 च्या करारात मुंबई बेट इंग्रजांना मिळाले, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पुढे 27 मार्च 1668 रोजी राजाने हे बेट वार्षिक 10 पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला दिले. त्या सनदेत असे म्हटले आहे की कंपनीने हे बेट केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच या राजाच्या जहागिरीप्रमाणे धारण करावे, म्हणजे सैनिकी चाकरीची अट नसावी आणि ठरावीक मोबदला देऊन जमीन भोगावी. आता 1606 ची व्हर्जिनिया कंपनीची सनद उघडून पाहावी. ईस्ट ग्रीनिचचा तोच उल्लेख, तोच धारणाधिकार तेथेही आहे. अटलांटिकच्या पलीकडील जंगल आणि कोकण किनाऱ्यावरील सात बेटे, दोन्ही ठिकाणची जमीन लंडनच्या कायद्याने एकाच साच्यात बसवली होती.

याच दुसऱ्या चार्ल्सने 1663 मध्ये कॅरोलायना आठ सरदारांना दिला, 1664 मध्ये डचांकडून घेतलेला न्यूयॉर्कचा प्रदेश आपला भाऊ जेम्स याला दिला आणि 1681 मध्ये पेनसिल्व्हेनिया विल्यम पेनच्या नावे केला. मुंबईची सनद या मालिकेच्या मधोमध येते. म्हणून पहिल्या आठवड्यात 1606 ची व्हर्जिनियाची, 1629 ची मॅसॅच्युसेट्स बेची, 1668 ची मुंबईची आणि 1681 ची पेनसिल्व्हेनियाची अशा चार सनदा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. भाषा जुनी आणि वाक्ये लांबलचक असली, तरी मजकूर पुनःपुन्हा तोच येत असल्यामुळे दुसऱ्या सनदेपासून वाचन सोपे होते.

या वाचनात एका कलमावर विशेष थांबावे. व्हर्जिनियाच्या सनदेत असे आश्वासन आहे की तेथे राहणारे इंग्रज आणि तेथे जन्मलेली त्यांची मुले इंग्लंडात जन्मल्यासारखेच सर्व हक्क उपभोगतील. मुंबईच्या सनदेतही याच आशयाचे आश्वासन दिलेले आहे. व्हर्जिनियात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये दीडशे वर्षांनंतर वसाहतकारांनी हेच आश्वासन संसदेपुढे ठेवून कराला विरोध केला. मुंबईत मात्र त्यातून असे काही उद्भवले नाही. असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर आपल्या शब्दांत लिहून काढावे. व्हर्जिनियात जमिनीवर कायमची वस्ती करणारी इंग्रज कुटुंबे होती आणि 1619 पासून त्यांची निवडलेली सभा होती. मुंबईत कंपनीचे नोकर, शिपाई आणि व्यापारी होते, आणि सभेऐवजी गव्हर्नर व त्याचे कौन्सिल होते. एवढा भेद मनात पक्का झाला, की पुढच्या दोन शतकांची किल्ली हाती आली असे समजावे.

वहीत तीन प्रश्न

प्रत्येक कागद वाचताना वहीत तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवावीत: जमीन कोणाची मानली आहे, श्रम कोणाचे आहेत आणि कर लावण्याचा हक्क कोणाला आहे. तारखा आणि नावे समासात लिहावीत. सनदा देणाऱ्या राजाने ती जमीन कधी पाहिलेलीही नव्हती आणि तिच्यावर पोव्हाटन, वाम्पनोआग, लेनापे, इरोक्वा अशा अनेक लोकांची गावे, शेते आणि शिकारीची राने होती, हे पहिला प्रश्न विचारताच समोर येते. या लोकांचा उल्लेख शक्य तेथे त्यांच्या स्वतःच्या नावाने करावा. सर्वांना ‘इंडियन’ म्हटले की कोण कोणाशी लढले आणि कोणी कोणाशी तह केला, हे कळेनासे होते.

कालगणनेचीही काळजी घ्यावी. इंग्लंड आणि त्याच्या वसाहती 1752 पर्यंत जुने ज्युलियन पंचांग वापरीत आणि त्यांचे कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे वॉशिंग्टनची जन्मतारीख जुन्या नोंदीत 11 फेब्रुवारी 1731 आणि आजच्या गणनेत 22 फेब्रुवारी 1732 अशी दिसते. शिवकालीन शकावल्यांत तिथी आणि तारखांचा मेळ घालण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे जड जाणार नाही. पैशाच्या हिशेबात 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

तेरा वसाहती एकदम वाचू नयेत

तेरा वसाहतींची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नये. व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्स या दोनच वसाहती सखोल वाचाव्यात आणि बाकीच्यांची ओळख या दोन्हींशी तुलना करून घ्यावी.

व्हर्जिनियात मे 1607 मध्ये शंभराहून थोडे अधिक पुरुष आणि मुलगे जेम्सटाउन येथे उतरले. 1609-10 च्या हिवाळ्यात तेथे भीषण उपासमार झाली आणि शेकडो वसाहतकारांपैकी सुमारे साठच जगले. वसाहत तगली ती तंबाखूमुळे. तंबाखूला माणसे लागत, म्हणून इंग्लंडातील गरीब तरुण प्रवासखर्चाच्या बदल्यात काही वर्षांची चाकरी लिहून देऊन येत, आणि जो दुसऱ्याला आणील त्याला माणशी 50 एकर जमीन मिळे. 1619 हे वर्ष वहीत ठळक लिहून ठेवावे. त्या वर्षी जुलैअखेर जेम्सटाउनला निवडलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि ऑगस्टमध्ये पॉइंट कम्फर्ट येथे वीसहून थोडे अधिक आफ्रिकी कैदी एका जहाजातून आणून विकले गेले. प्रतिनिधित्व आणि गुलामगिरी एकाच उन्हाळ्यात, एकाच वसाहतीत आली. 1662 मध्ये तेथील सभेने कायदा केला की मुलाचा दर्जा आईच्या दर्जाप्रमाणे ठरेल, म्हणजे गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच गुलाम. 1676 मध्ये नॅथॅनियल बेकनच्या बंडात गरीब गोरे आणि काळे एकत्र लढले आणि राजधानी जाळली गेली; त्यानंतरच्या दशकांत मळेवाल्यांचा भर मुदतीच्या चाकरांवरून गुलामांवर अधिकाधिक सरकला आणि 1705 मध्ये गुलामांविषयीचे कायदे एकत्र करून अधिक कठोर करण्यात आले. हा क्रम नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण जाहीरनाम्याचा लेखक थॉमस जेफरसन याच व्हर्जिनियाचा मळेवाला होता आणि त्याने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली.

मॅसॅच्युसेट्सचे स्वरूप वेगळे आहे. येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची गल्लत होते: 1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजातून 102 प्रवासी आले ते प्लिमथला, आणि 1630 मध्ये जॉन विन्थ्रपच्या पुढाकाराने मोठ्या संख्येने आले ते प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चची शुद्धी मागणारे लोक) मॅसॅच्युसेट्स बे येथे. या दोन वसाहती 1691 पर्यंत वेगळ्या होत्या. 1629 च्या सनदेत कंपनीच्या बैठका कोठे व्हाव्यात हे लिहिलेलेच नव्हते. त्याचा लाभ घेऊन विन्थ्रपच्या मंडळींनी सनद आपल्याबरोबर समुद्रापार नेली, आणि व्यापारी कंपनीच्या भागधारकांची सभा पाहता पाहता वसाहतीची शासनसंस्था झाली. गावोगावच्या सभा, चर्चचे सभासदत्व आणि 1636 मध्ये स्थापन झालेले हार्वर्ड यांविषयी वाचावे, पण त्याबरोबरच 1637 चे पिक्वॉट युद्ध आणि 1675-76 चे वाम्पनोआग प्रमुख मेटाकॉम याच्याशी झालेले युद्धही वाचावे. न्यू इंग्लंडची गावे ज्या जमिनीवर वाढली ती जमीन कशी हाती आली, याचे उत्तर तेथे आहे.

1763 ते 1776: हळू वाचण्याचा भाग

सात वर्षांच्या युद्धानंतर 1763 मध्ये पॅरिसचा तह झाला. त्याच तहाने फ्रेंचांना पाँडिचेरी परत मिळाली आणि त्याच तहाने कॅनडा त्यांच्या हातून गेला, म्हणून हा तह भारताच्या आणि अमेरिकेच्या इतिहासात सामायिक आहे. युद्धाच्या काळात ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे 7.5 कोटी पौंडांवरून सुमारे 13 कोटी पौंडांवर गेले. हे कर्ज कोणी फेडावे, या प्रश्नावर पुढील तेरा वर्षे उभी आहेत. 1765 चा स्टॅम्प कायदा वाचताना आपल्याकडच्या मुद्रांक शुल्काची आठवण ठेवावी: खटल्याचे कागद, दस्तऐवज, वृत्तपत्रे, इतकेच काय पण खेळण्याचे पत्तेदेखील मुद्रांकित असले पाहिजेत, अशी सक्ती त्यात होती. 1766 मध्ये तो रद्द झाला, परंतु त्याच वेळी वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा आपला अधिकार संसदेने वेगळ्या कायद्याने जाहीर केला. अनेकजण पहिली गोष्ट लक्षात ठेवतात आणि दुसरी विसरतात. वास्तविक भांडणाचे मूळ दुसऱ्या गोष्टीत होते.

चहाचा प्रसंग मुंबईच्या वाचकाने स्वतःच्या इतिहासाचा भाग म्हणून वाचावा. 1770 च्या बंगालमधील दुष्काळानंतर आणि 1772 च्या लंडनमधील आर्थिक पेचानंतर ईस्ट इंडिया कंपनी बुडण्याच्या बेतात आली होती. 1773 मध्ये संसदेने तिला 14 लाख पौंडांचे कर्ज दिले, तिच्या कारभारावर नियंत्रण आणणारा नियामक कायदा केला आणि तिच्या गोदामांत पडून असलेला चहा खपावा म्हणून चहाचा कायदा केला. नियामक कायद्याने मुंबई सरकार युद्ध आणि तहाच्या बाबतीत कलकत्त्याच्या देखरेखीखाली आले. चहाच्या कायद्याने बोस्टन पेटले. चहाच्या कायद्याने अमेरिकेत चहा महाग झाला, असे पुष्कळ उत्तरपत्रिकांत लिहिलेले असते आणि ते चूक आहे. इंग्लंडातील जकात परत मिळाल्याने चहा स्वस्त होणार होता. मात्र चहाच्या दर पौंड वजनामागे 3 पेन्सचा जुना कर कायम होता, आणि स्वस्त चहा घेणे म्हणजे तो कर मान्य करणे, असे वसाहतकारांना वाटले. शिवाय कंपनीने नेमलेल्या मोजक्या अडत्यांनाच माल मिळणार असल्याने स्थानिक व्यापारी बिथरले. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री तीन जहाजांवरील 342 पेट्या समुद्रात गेल्या. तो चहा चीनमधून आलेला होता. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने त्याच सुमारास लिहिलेल्या पत्रात कंपनीच्या आशियातील वर्तनाचा आणि तेथे उपासमारीने मेलेल्या माणसांचा दाखला देऊन आपल्या लोकांना सावध केले आहे. ते छोटे पत्र अवश्य वाचावे, कारण बंगालच्या दुष्काळाची बातमी फिलाडेल्फियात कशी वाचली गेली हे त्यातून दिसते.

जाहीरनामा वाचताना दुसऱ्या परिच्छेदापाशी थांबू नये. राजाविरुद्धच्या 27 तक्रारी एकेक करून मागील तेरा वर्षांतील कायद्यांशी जोडाव्यात. शेवटची तक्रार मूलनिवासींविषयी आहे आणि ती अतिशय कठोर शब्दांत आहे. जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाच्या माथी मारणारा उतारा होता. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, तो गाळला. मसुदा आणि अंतिम पाठ समोरासमोर ठेवून वाचल्यास एक दुपार लागते, परंतु त्या दुपारी जे कळते ते दुय्यम ग्रंथांच्या शंभर पानांतून कळत नाही.

युद्धाची शकावली मराठ्यांच्या शकावलीशेजारी ठेवावी

लढायांचा तपशील अभ्यासाच्या या टप्प्यावर फारसा आवश्यक नाही. एका पानावर दोन स्तंभ आखावेत. एका बाजूला 1774 चे पुण्यातील बारभाईंचे कारस्थान, डिसेंबर 1774 अखेर इंग्रजांनी घेतलेला ठाण्याचा किल्ला, मार्च 1775 चा राघोबादादांशी झालेला सुरतेचा तह, मार्च 1776 चा पुरंदरचा तह, जानेवारी 1779 मधील वडगाव आणि मे 1782 चा सालबाईचा तह. दुसऱ्या बाजूला एप्रिल 1775 मधील लेक्सिंग्टन आणि काँकर्ड, जुलै 1776, ऑक्टोबर 1777 मधील साराटोगा, फेब्रुवारी 1778 चा फ्रान्सशी करार, ऑक्टोबर 1781 मधील यॉर्कटाउन आणि सप्टेंबर 1783 चा पॅरिसचा तह. तारखा जवळजवळ आहेत म्हणून एका घटनेमुळे दुसरी घडली असे मानू नये. जेथे खरा दुवा आहे तो फ्रान्सचा: सेंट लुबिन हा फ्रेंच मनुष्य 1777 मध्ये पुण्यात नाना फडणिसांच्या दरबारी आला, इंग्रजांना फ्रेंच आणि मराठे यांच्या युतीची धास्ती वाटली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या बाजूने फ्रान्स उतरल्यावर ती धास्ती दोन्ही खंडांत एकच झाली. सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली. वांद्र्यापासून पुढे आज जी उपनगरे आहेत ती याच साष्टीवर वसली आहेत.

यॉर्कटाउनला ज्याची फौज शरण आली तो कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन भारतात आला. मुंबईत पूर्वी त्याचा पुतळा फोर्टमध्ये होता. आता तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. वॉशिंग्टनकडून हरलेल्या सेनापतीचा पुतळा या शहरात का उभारला गेला, हे तेथे उभे राहून विचारात घेण्यासारखे आहे.

आधी 1781 चा करारनामा, मग 1787 ची राज्यघटना

राज्यघटना थेट उघडू नये. आधी 1781 मध्ये अमलात आलेला राज्यसंघाचा करारनामा (Articles of Confederation) वाचावा. त्यात काँग्रेसला कर लावता येत नव्हता, व्यापाराचे नियमन करता येत नव्हते, प्रत्येक राज्याला एकच मत होते आणि दुरुस्तीसाठी सर्व राज्यांची संमती लागे. संसदेच्या कराविरुद्ध लढलेल्या लोकांनी स्वतःच्या मध्यवर्ती सत्तेलाही कर नाकारला, हे आपल्या तिसऱ्या प्रश्नाशी जोडून पाहावे. 1786-87 मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्या नेतृत्वाखाली न्यायालये बंद पाडली, तेव्हा ही व्यवस्था किती दुबळी आहे हे उघड झाले.

मे ते सप्टेंबर 1787 या काळात फिलाडेल्फियात 55 प्रतिनिधी वेगवेगळ्या वेळी हजर राहिले आणि 39 जणांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. आपल्या राज्यघटनेच्या मूळ 395 कलमांशी तुलना केल्यास ही सात कलमांची घटना अत्यंत छोटी आहे आणि ती दोन बैठकींत वाचून होते. वाचताना पहिल्या कलमाचा दुसरा आणि नववा विभाग तसेच चौथ्या कलमाचा दुसरा विभाग यांवर खूण करावी. पाच गुलामांमागे तीन माणसे मोजण्याचा नियम, 1808 पूर्वी गुलामांची आयात न रोखण्याची हमी आणि पळालेल्यांना परत करण्याची सक्ती या तीन ठिकाणी आहे, आणि तरीही गुलाम हा शब्द त्या घटनेत कोठेही येत नाही. नंतर घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधांपैकी 10 वा आणि 51 वा निबंध वाचावा, आणि विरोधकांचे म्हणणेही वाचावे. 1791 मध्ये जोडल्या गेलेल्या पहिल्या दहा दुरुस्त्या त्यांच्याच रेट्यामुळे झाल्या. ज्यांना आपल्या घटनासमितीतील चर्चा ठाऊक आहे त्यांनी डॉ. आंबेडकरांचे 4 नोव्हेंबर 1948 चे भाषण या ठिकाणी पुन्हा काढावे. अमेरिकेच्या दुहेरी नागरिकत्वाची आणि आपल्या एकेरी नागरिकत्वाची तुलना त्यांनी त्यात केली आहे.

1789 नंतर, आणि मुंबईतून पुढे

वॉशिंग्टनच्या पदग्रहणानंतरची वर्षे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जेफरसन यांच्या वादाच्या आधारे वाचावीत: राज्यांची युद्धकर्जे केंद्राने घ्यावीत का, 1791 ची राष्ट्रीय बँक घटनेत बसते का, 1794 मध्ये पेनसिल्व्हेनियातील व्हिस्कीवरील कराविरुद्धच्या उठावावर फौज न्यावी का. 1790 च्या पहिल्या जनगणनेत सुमारे 39 लाख लोक मोजले गेले आणि त्यांत जवळपास 7 लाख गुलाम होते, ही संख्या या वादांच्या शेजारी लिहून ठेवावी. 1800 च्या निवडणुकीत जेफरसन आणि आरन बर यांना समान मते पडली आणि प्रतिनिधिगृहात 36 व्या फेरीत निर्णय लागला. सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे शांतपणे गेली. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार मांडणारा 1803 चा मार्बरी खटला आणि त्याच वर्षी 1 कोटी 50 लाख डॉलरला झालेली लुइझियानाची खरेदी यांवर एकेक दिवस पुरे.

मूळ कागदांसाठी येल विद्यापीठाचा अ‍ॅव्हलॉन प्रकल्प आणि अमेरिकन राष्ट्रीय अभिलेखागाराचे फाउंडर्स ऑनलाइन हे संग्रह विनामूल्य खुले आहेत. दुय्यम ग्रंथांसाठी कालिन्याचे विद्यापीठ ग्रंथालय, टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटी आणि काळा घोड्याचे डेव्हिड ससून ग्रंथालय येथे चौकशी करावी.

ज्यांना स्वतंत्र निबंध लिहायचा आहे, त्यांच्यासाठी एक विषय या शहरातच आहे. जॉन जे याने 1794 मध्ये ब्रिटनशी केलेल्या तहाने अमेरिकन जहाजांना भारतातील इंग्रजी बंदरांत व्यापार करण्याची मुभा मिळाली. पुढे फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते आणि सरकारने त्यांना परत पाठवण्याचे ठरवले होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना त्यांनी अर्ज केले आणि अखेर त्यांना राहू देण्यात आले. त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. नेपियन सी रोड ज्यांच्या नावाचा आहे तेच हे गव्हर्नर. मिशनरींची बाजू त्यांच्या बोस्टन येथील मंडळाने छापलेल्या पत्रांत आणि अहवालांत सापडते. मुंबई सरकारचे जुने दप्तर राज्य पुराभिलेख संचालनालयाकडे, फोर्टमधील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तेथे जाताना आपल्या महाविद्यालयाचे पत्र आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे, आणि 1812 व 1813 या दोन वर्षांच्या दप्तरांपासून शोध सुरू करावा.